काल्पनियावाले सर

प्रत्येक वनस्पतिशास्त्र विभागात असा एक मनुष्य असतोच. खिशात पेनाशेजारी भिंग, पिशवीत डब्याखाली जुनी वर्तमानपत्रं आणि त्यांत दाबलेलं काहीतरी. लग्नाला गेला तर नवरीच्या आधी तिच्या गजऱ्याचं कुल बघतो. आहेराच्या रांगेतही त्याची झाडं ओळखायची किल्ली चालू असते: 'पाकीट आणलेले, दोनवर जा, न आणलेले, थेट पंगतीत जा.'

आमच्या सरांना झाडांचा कंटाळा कधी आला नाही, आमचा आला. अडुळशाची फांदी टेबलावर ठेवली की आम्ही एका सुरात ओरडायचो, "अडुळसा, खोकल्यावर!" आणि वह्या मिटायचो. त्याच्या फुलात पुंकेसर दोनच असतात, हे बघायला कोणी वाकायचं नाही. नाव कळलं की बघणं संपलं.

म्हणून सरांनी एक प्रजातीच जन्माला घातली: काल्पनिया. फळ्यावर खडूने तिच्या बारा जाती उमटल्या. काहींना काटे, सगळ्यांना लव, दोघींना पाचाऐवजी चारच पाकळ्या. "ही कुठल्याच गाईडात सापडायची नाही," म्हणताना सरांच्या चेहऱ्यावर बारशाच्या घरचं तेज होतं. बाभळीचं शास्त्रीय नाव 'अकेशिया' जाऊन 'वॅचेलिया' झालं, तेव्हा त्यांनी सुतक पाळलं होतं. काल्पनियाला तो धोका नव्हता.

युक्ती आपली एकट्याची नाही, हेही तेच सांगत. मिशिगन विद्यापीठात नेच्यांचे अभ्यासक वॅग्नर यांनी 'डेन्ड्रोग्रामेसी' नावाचं अख्खं खोटं कुल वर्गासाठी रचलं. कॅन्सस विद्यापीठाच्या जोसेफ कॅमिन यांनी तर खोटे प्राणी काढले, तेही वंशावळ मनात ठरवून. त्यामुळे कोणाचं वर्गीकरण चुकलं ते पडताळता येई. "खऱ्या झाडाचे खापरपणजोबा कोणी पाहिलेत? काल्पनियाचे मी पाहिलेत," सर म्हणत.

मग ते नाती लावायला बसवत. लव सगळ्यांनाच आहे, म्हणून या दोघी बहिणी, असं कोणी म्हणालं की सर डोक्याला हात लावत. "अरे, नाक घरात सगळ्यांनाच असतं. दोघांनाच सहावं बोट असलं, तर विचारपूस करावी!" चार पाकळ्यांच्या त्या दोघींचं नातं आम्हाला त्या दिवशी कळलं.

परीक्षेत 'काल्पनियावर टीप लिहा' असा प्रश्न आला. एका बहाद्दराने लिहिलं, 'काल्पनियाच्या काही जातींना चार पाकळ्या असतात. ती कोकणात विपुल आढळते. तिच्या मुळांचा काढा मुतखड्यावर गुणकारी आहे.'

सरांनी उत्तर वर्गात मोठ्याने वाचलं. काढ्यापाशी थोडा वेळ थांबले.

"पाकळ्या मोजल्यात," म्हणाले आणि अर्धा गुण दिला.