रोप चालतं, प्रश्न चालत नाही

पाच जूनचा पर्यावरण दिन आला की पुढाऱ्यांना मुलं लागतात. हातात रोप, डोक्यावर टोपी, समोर कॅमेरा. तीच मुलं पुढे ‘उभं झाड कोणी तोडलं?’ असं विचारू लागली की पोलिसांची गाडी येते.

२०१९ सालचंच बघा. त्या पावसाळ्यात राज्य सरकारची ३३ कोटी वृक्षलागवड जोरात होती, शाळाशाळांतून खड्डे खणले जात होते. ४ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी होणाऱ्या वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या.

सकाळपर्यंत थांबता येत नव्हतं?

सकाळी अपील होणार, हे कोणाला ठाऊक नव्हतं?

बातमी मोबाइलवर फिरली आणि पोरं रात्रीच आरेकडे धावली. जमावबंदी लागली. २९ जणांना अटक झाली, त्यात कॉलेजात शिकणारी मुलंही होती. कलम ३५३, सरकारी कामात अडथळा. वनांचं रक्षण हे नागरिकाचं कर्तव्य, असं राज्यघटनेचं कलम ५१ अ सांगतं. नागरिकशास्त्राच्या पेपरात ते लिहिलं की गुण मिळतात. रस्त्यावर पाळलं की कोठडी.

कायद्याच्या विद्यार्थ्यांनी थेट सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. सर्वोच्च न्यायालयाने दसऱ्याच्या सुट्टीत, ७ ऑक्टोबरला, विशेष पीठ बसवून तोड थांबवली. परवानगी होती २,१८५ झाडांची. तोवर २,१४१ पडली होती.

थांबवायला उरलंच काय होतं?

या मुलांवर ‘विकासविरोधी’ असा शिक्का बसला. त्यांचा विरोध मेट्रोला नव्हता, आरेतल्या कारशेडला होता. हा फरक कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. पुढे २०२३मध्ये मेट्रो कंपनीला सर्वोच्च न्यायालयाने दहा लाखांचा दंड केला, कारण मुभा ८४ झाडांची असताना जास्त झाडांसाठी अर्ज केला. त्याच आदेशात १७७ झाडं काढायची परवानगीही दिली.

बरं, रस्त्यावर नको, कागदावर बोला म्हणता? तेही करून झालं. २०२०मध्ये केंद्राने प्रकल्पांच्या पर्यावरण परिणाम मूल्यांकनाचे नवे नियम मांडले आणि हरकती मागवल्या. सरकारनेच मागवल्या! मुलांनी ईमेल पाठवले, पर्यावरणमंत्र्यांना ते फार झाले. ‘फ्रायडेज फॉर फ्यूचर’ या तरुणांच्या हवामान चळवळीच्या संकेतस्थळाबाबत दिल्ली पोलिसांची नोटीस निघाली, त्यात यूएपीए. म्हणजे दहशतवादविरोधी कायदा. नंतर खुलासा आला की नोटीस चुकून गेली.

अशी चूक बिल्डरच्या बाबतीत कधी ऐकली आहे?

त्याच वर्षी गोव्यात मोलेच्या अभयारण्यावर तीन प्रकल्प चालून आले: रेल्वेचा दुसरा मार्ग, महामार्गाचं रुंदीकरण, उच्चदाबाची वीजवाहिनी. बाहेर लॉकडाउन. तरुण वकील, चित्रकार, अभ्यासक भिडले. कोणी कागदपत्रं वाचली, कोणी चित्रं काढली, कोणी गावोगाव समजावत फिरलं. नोव्हेंबरात याच रेल्वेमार्गावरच्या चांदर गावात लोक रात्रभर रुळांपाशी उभे राहिले. तिथेही गुन्हे नोंदवले गेले. मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेमार्गाची वन्यजीव मंजुरी रद्द केली.

ही पोरं तेव्हा ‘भरकटलेली’ होती. निकालानंतर तसं म्हणणाऱ्यांपैकी कोणी माफी मागितली?

‘आधी शिका, मग आंदोलनं करा,’ हा सल्ला घरोघरी मिळतो. मंजुरीच्या कागदातली गफलत शोधायला शिक्षणच लागतं ना? आणि तापलेल्या उन्हाळ्यांत पुढची पन्नास वर्षं काढायची आहेत ती याच मुलांना. सल्ला देणारे तेव्हा नसतील.

तेव्हा यंदाच्या पाच जूनला शाळांनी एक करावं. रोपाचा कार्यक्रम तासाभरात आटोपावा आणि नववी-दहावीच्या मुलांना पालिकेच्या उद्यान विभागात न्यावं. तोडायच्या झाडावर चिकटवलेली नोटीस कशी वाचायची, हरकत कोणाकडे द्यायची, पोच कशी घ्यायची, सुनावणीत काय बोलायचं, ते तिथेच शिकवावं. हरकतीसाठी मिळतात जेमतेम सात दिवस. सहामाहीच्या गृहपाठात प्रत्येकाने एक खरी हरकत लिहावी, खऱ्या झाडासाठी, खाली स्वतःची सही करून.