दुधाचं खातं

बाळंतिणीच्या खोलीत येताना चपला बाहेर काढाव्या लागतात, हात धुवावे लागतात, मत मात्र थेट आत आणता येतं. बाळ घरी आलं त्या संध्याकाळपासून आमच्या पुण्याच्या घरात सगळ्यांच्या मतांचा विषय एकच होता: हिला दूध पुरतंय का?

प्रश्न मला कुणी विचारत नसे. माझ्याकडे बघून आईला विचारत. आई आवाज उतरवून म्हणे, "येईल हळूहळू." मग उपाय सुरू. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी, मेथी, जेवणानंतर बाळंतशोपा. मी खात होते, बाळ रडत होतं आणि वजन माझं वाढत होतं. आत्याला दृष्टीचा संशय होता. तिने मीठ-मोहऱ्या उतरवल्या. मोहऱ्या तडतडल्या, म्हणजे निदान पक्कं झालं.

शेजारच्या काकूंचा नातू गुटगुटीत होता. आपल्याकडे 1992 च्या कायद्याने दुधाच्या पावडरीच्या डब्यावर बाळाचं चित्र छापायला बंदी आहे, पण काकूंच्या बोलण्यावर नाही. "आमचा या वयात दोन वळ्या घेऊन होता," म्हणत त्या माझ्या मुलीच्या मांडीवर वळी शोधत. कायदा करणाऱ्यांना शेजार नसावा.

दुखायचं ते वेगळंच. तिने तोंड लावलं की माझ्या पायाची बोटं आपोआप आवळायची. "सुरुवातीला दुखतंच गं," असं सगळ्या जणी सांगत, आणि सांगून झालं की लाडू पुढे करत.

बाळाच्या डॉक्टरांनी तपासून चिठ्ठीवर औषध लिहिलंच नाही. लॅक्टेशन कन्सल्टंटचा नंबर लिहिला. आजीने चिठ्ठी लांब धरून वाचली. "पाजायला शिकवणी? आणि पैसे देऊन?"

ताई आल्या त्या दिवशी आजी सकाळपासून खुर्ची अडवून बसली होती. पहिला प्रश्न तिचाच: "याची परीक्षा असते म्हणे?"

"असते ना, आजी. 1985 पासून आंतरराष्ट्रीय परीक्षा आहे."

"तोंडी?"

"लेखी."

"मग काय उपयोग," आजी म्हणाली. बाळाच्या तोंडाचाच प्रश्न असल्यामुळे मला तिचं म्हणणं अगदीच चूक वाटलं नाही.

बाबा दाराबाहेर उभे होते. या विषयात आत यायचं नाही आणि या विषयातून बाहेरही राहायचं नाही, असं त्यांचं धोरण होतं. आयुष्य बँकेत गेल्यामुळे त्यांनी बाळ आल्या दिवशीच वही आखली होती: वेळ, डावी, उजवी, शू, शी, शेरा. ती वही त्यांनी दाराच्या फटीतून आत सरकवली. आजवर तिला सगळे हसले होते. ताईंनी मात्र ती पानं उलटून नीट वाचली. "शू सहाच्या वर आहे रोज. म्हणजे पोटात जातंय. काका, फार उत्तम नोंदी." दाराबाहेर खाकरल्याचा आवाज आला. मग ओघात ताईंनी सांगितलं की स्तनपानासाठी काम करणारी बीपीएनआय ही संस्था 1991 मध्ये वर्ध्यात सुरू झाली. लगेच बाहेरून, "तेव्हा मी वर्ध्याच्याच शाखेत होतो!" जणू कर्ज त्यांनीच मंजूर केलं होतं.

ताईंनी दूध बघायला मागितलं नाही, याचं सगळ्यांना नवल वाटलं. त्यांनी आधी माझ्या पाठीला उशी मागितली, खांदे खाली सोडायला लावले, आणि मग बराच वेळ त्या फक्त बाळाच्या तोंडाकडे बघत बसल्या. एवढ्या मंडळींत तिकडे लक्ष देणारी ही पहिलीच बाई.

"ही नुसतं टोक चघळतेय. म्हणून तुम्हाला दुखतं आणि तिचं पोट लवकर भरत नाही. वडापाव कसा धरता?"

मी दचकले. पथ्यावर होते.

"आडवा धरतो ना, ओठांच्या रेषेत? आणि थोडा दाबून? उभा धरून कुणी खातं का? स्तनही तसाच धरायचा, तिच्या ओठांना समांतर. डोकं मागून ढकलायचं नाही, मानेला आधार द्यायचा. नाक टोकासमोर आणा. आता थांबा. तोंड मोठं उघडू दे. हं, आधी हनुवटी!"

बाळाने जांभईएवढं तोंड उघडलं आणि खालचा ओठ बाहेर वळवून पकड घेतली. माझ्या पायाची बोटं जागच्या जागी राहिली. घोट गिळल्याचा बारीक आवाज आला. आत्या म्हणाली, "दृष्ट उतरली बघ."

ताईंनी मग बरंच सांगितलं. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम चमचाभर मावतं; आमच्याकडे हिशेब वाटीचा चालला होता. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतंच. जितकं रिकामं होईल तितकं नवं तयार होतं, लाडवांना विचारून नव्हे. हे आईला लागलं. डबा मात्र तिने उचलला नाही.

"आजी, तुम्हाला कुणी शिकवलं होतं?" ताईंनी विचारलं.

"आम्हाला कोण शिकवणार? आपोआप यायचं." मग जरा थांबून, "थोरल्या जाऊबाई मागे बसायच्या. पोराची मान धरायच्या. चुकलं की पाठीत धपाटा."

"त्या काय घ्यायच्या?"

"फी? छे! जन्मभर बोलून दाखवायच्या."

त्या मानाने ताईंचा दर मला फारच वाजवी वाटला. बाबांनी तो फोनवरून चुकता केला आणि रात्री घरखर्चाच्या वहीत लिहायला बसले. कुठल्या खात्यात घालावं यावर बराच विचार झाला. औषधपाणी नव्हे, कारण औषध दिलं नव्हतं. शिक्षण म्हणावं तर आजी शेजारी बसली होती. शेवटी त्यांनी ती रक्कम पिशवीच्या दुधाखाली, "दूध" याच खात्यात टाकली.

महिनाअखेरीला आईने बेरीज पाहिली आणि दूधवाल्याला फोन लावला.