दप्तरदार डेटाबेस यांस अनावृत पत्र

राजमान्य राजश्री डेटाबेस, दप्तरदार, यांचे सेवेशी,

कृतानेक नमस्कार विनंती विशेष. आपल्या घराण्यातील मायएसक्यूएल या मातबर शाखेत २०१८ साली ८.० ही आवृत्ती येईपर्यंत स्वीडनचा वर्णक्रम जन्मसिद्ध मानला जाई, आणि त्या शिरस्त्याने माथ्यावर तिरकी रेघ मिरविणाऱ्या फ्रेंच 'ई'स आपण बिनरेघेच्या 'ई'च्याच पंक्तीस बसवीत असा, हे आपले औदार्य ऐकून आम्हां नागपूरकरांस परमसंतोष झाला. दोन टिंबांच्या 'यू'स आपण थेट 'वाय' समजत होता म्हणे. त्याबद्दल जर्मनांनी काय तो अर्ज गुजरावा.

आमची कैफियत शेजारच्या वऱ्हाडापुरती आहे. त्या नावातील आडवा अर्धा 'र' उमटविताना कोणी 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेतो, कोणी 'र'खाली नुक्ता देतो, आणि जुन्या वळणाचा इसम 'र'चा पाय मोडून त्यास डोळ्यांस न दिसणारा सांधक जोडतो. यूटीएफ-८च्या हिशेबाने पहिले नाव १८ बाइटांचे, उरलेली दोन प्रत्येकी २१ बाइटांची. हा प्रांत १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला तेव्हा एकच होता, १९०३ साली मध्यप्रांतास जोडून नागपूरच्या अमलाखाली आला तेव्हाही एकच होता. आपण मात्र बाइटास बाइट ताडून तीन प्रांत असल्याचा निर्वाळा देता, आणि एकाचा शोध घेणाऱ्यास उरलेल्या दोहोंचा मजकूर दाखवीत नाही.

बरे, युनिकोडचा तुलनान्याय लावावा, तर पहिली दोन नावे एकरूप ठरतात खरी, परंतु त्या न्यायात सांधक सर्वथा नगण्य असल्याने सांधकाने लिहिलेला आचाऱ्यांचा आडवा 'र' आचार्यांच्या रफाराहून वेगळा उरत नाही. आचार्यांस शाल व आचाऱ्यांस शिधा असा हुकूम सुटला, तर उभय वर्गांस उभय वस्तू पोहोचतील. (आचाऱ्यांची यास हरकत नसावी.)

तरी नोंद दाखल होतानाच 'र', पायमोड व सांधक या त्रिकुटाच्या जागी पायमोडका 'ऱ' घालावा, नुक्त्याच्या जोडीचे युनिकोडच्या एनएफसी रीतीने एकीकरण करावे, आणि शोधावयास आलेल्या शब्दावरही हेच संस्कार करून मग तुलनेस बसावे, ही विज्ञापना.

आपला,
एक नागपूरकर

ता. क. निव्वळ सांकेतिक क्रमांकाने यादी लावता तेव्हा 'ळ' हा 'ल'च्या पाठोपाठ येतो. आमच्या वर्णमालेत त्याचे स्थान 'ह'नंतर आहे. त्यामुळे केळकर केसकरांच्या आधी उभे आहेत, आणि केळकरांनी अद्याप तक्रार केलेली नाही.