इंजिनकाका

पाहुणा दारात चपला काढत असतानाच इंजिनकाका विचारतात, "इंजिन कुठलं होतं?" पाहुण्याला स्वतःचा डबासुद्धा धड आठवत नसतो. तो "लाल-पांढरं काहीतरी" म्हणतो आणि काकांच्या मनातून कायमचा उतरतो.

असे काका रेल्वे जाते त्या प्रत्येक गावात एखादे तरी असतात. काकूंना पाहायला गेले त्या दिवशी त्यांनी कुठली साडी नेसली होती हे त्यांना आठवत नाही. गाडी अकरा मिनिटं लेट होती हे आठवतं. घरातले वाढदिवस विसरतात, पण डेक्कन क्वीन १ जून १९३० रोजी सुरू झाली म्हणून दर १ जूनला पुणे स्टेशनवर तिच्या वाढदिवसाच्या केकला हजर.

एवढं वेड एकट्याला झेपत नाही. म्हणून काका मंडळ शोधत हिंडतात.

पहिलं मंडळ विद्वानांचं होतं. तिथे एका कॉलेजच्या पोराने विचारलं, "कर्जतला गाडीला मागून इंजिन का लावतात?" त्यावर एक गृहस्थ नुसते हसले, दुसरे म्हणाले, "यावर मागेच बोलून झालंय." पोरगा पुन्हा आला नाही. हळूहळू प्रश्न विचारणारं कोणीच उरलं नाही आणि विद्वान एकमेकांकडे बघत बसले.

दुसरं मंडळ फार प्रेमळ. मालगाडीच्या धूसर फोटोलाही "वा!" आणि सिग्नलच्या खांबालाही "क्या बात है!" काकांनी मुद्दाम ठोकून दिलं की पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला १८५५ साली धावली. त्यालाही "वा!" आलं. १६ एप्रिल १८५३ ही तारीख ज्या मंडळात कोणाच्याच जिवाला लागत नाही तिथे काका दुसऱ्यांदा गेले नाहीत.

तिसऱ्याला घटना होती, अध्यक्ष होते, उपाध्यक्ष तर तीन होते. फलाटावर शाल-श्रीफळ, मग प्रास्ताविक. ज्या गाडीसाठी सगळे जमले होते ती आभारप्रदर्शन चालू असताना येऊन गेली.

चौथं मंडळ काकांना कर्जतच्या फलाटावर बटाटेवडा खाताना सापडलं. त्याला नाव नाही, वर्गणी नाही. वडे कोण आणणार यावर मात्र दर वेळी भांडण. तिथे एका लहान मुलीने तोच प्रश्न विचारला आणि चौघे एकदम बोलू लागले. कर्जतपुढच्या घाटात सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर चढ. सगळं वजन पुढच्या इंजिनाने ओढलं तर कपलिंगवर ताण येतो. मागून जोर मिळाला की तो वाटला जातो, आणि कपलिंग तुटलंच तर डबे मागे घरंगळत नाहीत. निवृत्त ड्रायव्हर आजोबांनी हे सगळं तिच्या दप्तराला मागून ढकलून दाखवलं. एकाने त्यातही दुरुस्ती केली. मुलीने आणखी तीन प्रश्न विचारले.

काकांना राहवेना. ते म्हणाले, "घाटात पूर्वी गाडी उलटी फिरवायचं स्टेशन होतं, ते १९३० साली डेक्कन क्वीनसाठीच बंद केलं."

"१९२९," आजोबा म्हणाले. "क्वीन यायच्या आधीच. घ्या, वडा घ्या."

काका भांडले. मालगाडी आली तेव्हा सगळ्यांनी भांडण थांबवून डबे मोजले आणि ती गेल्यावर पुढे चालू केलं. आकड्यावरही एकमत झालं नाही. शेवटी काकांनी डायरी काढून १९३० खोडलं, १९२९ लिहिलं.

घरी आल्यावर काकूंनी चेहरा पाहून विचारलं, "आज कोणाला हरवलंत?"

"मीच हरलो!" काका खुशीत म्हणाले. "पुढच्या रविवारी वडे आपल्याकडून. पंचवीस तरी कर."