अडीच घरांची चाल

गेल्या मंगळवारी आमच्या कोपऱ्यावरच्या भजीवाल्या मावशी एकाच वेळी दोन ठिकाणी होत्या. एक मावशी महापालिकेच्या दारातल्या फ्लेक्सवर, हातात स्वनिधी कर्जाचं मंजुरीपत्र धरून, पदर नीट सावरून, 'आत्मनिर्भर' या शब्दातल्या रफाराच्या बरोबर खाली उभ्या. दुसऱ्या मावशी कोपऱ्यावर, रिकाम्या जागेकडे बघत. सकाळपर्यंत तिथे त्यांची हातगाडी होती. आता ती अतिक्रमण विभागाच्या ट्रकमध्ये उताणी पडून गोडाऊनकडे निघाली होती. ट्रक त्या फ्लेक्सखालूनच गेला आणि जाता जाता गाडीची दांडी फ्लेक्सला ओझरती लागली, असं शेजारच्या चहावाल्याने सांगितलं. हे सांगताना तोही किटली उचलून पळत होता, त्यामुळे बाकीचा तपशील कळला नाही.

दान असं करावं की या हाताचं त्या हाताला कळू नये, हा आपल्याकडचा जुना संस्कार. तो पाळणारी संस्था आता एकच उरली आहे, ती म्हणजे महापालिका.

मावशींच्या कर्जाचंच बघा. टाळेबंदीत २०२० च्या जूनमध्ये पंतप्रधान स्वनिधी योजना आली. बिनतारण १० हजार रुपये, ते फेडले की २० हजार, तेही फेडले की ५० हजार. नियमित फेड केली तर व्याजात ७ टक्के सवलत. २०२५ मध्ये पहिला टप्पा १५ हजारांचा झाला, दुसरा २५ हजारांचा. योजना चांगली आहे, आणि हे मी अजिबात तिरकसपणे म्हणत नाही. दिवसाला शेकड्यात सावकारी व्याज भरणाऱ्या माणसाला बँकेने खुर्चीत बसवून कर्ज द्यावं, ही लहान गोष्ट नाही. पण बँकेला कसं कळणार की या बाई खरोखर रस्त्यावर भजी तळतात? त्यासाठी ज्यांच्याकडे विक्री प्रमाणपत्र नाही, त्यांना महापालिका शिफारसपत्र देते. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा एक विभाग लिहून देतो की सदर महिला अमुक रस्त्यावर व्यवसाय करतात, याची आम्ही खातरजमा केली आहे. आणि तळमजल्यावरचा दुसरा विभाग त्याच रस्त्यावर जाऊन म्हणतो की इथे कुणीही व्यवसाय करत नाही, आणि करत असेल तर आता करणार नाही. दोन्ही विभागांना पत्ता मात्र अचूक ठाऊक असतो. पहिल्याने शोधलेला पत्ता दुसऱ्याला उपयोगी पडतो की काय, अशी एक वाईट शंका माझ्या मनात येऊन गेली. मी ती झटकली. दोन विभागांत एवढा समन्वय असेल यावर माझा विश्वास नाही.

मी मावशींबरोबर क्षेत्रीय कार्यालयात गेलो. जाताना २०१४ चा पथविक्रेता कायदा छापून घेतला होता. सुशिक्षित माणूस कार्यालयात जाताना कागद नेतो, अनुभवी माणूस ओळख नेतो. मी सुशिक्षित निघालो.

कायदा वाचनीय आहे. त्यात म्हटलंय की दर पाच वर्षांनी निदान एकदा विक्रेत्यांचं सर्वेक्षण करा, आणि ते पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणालाही हटवू नका. हटवायचंच झालं तर ३० दिवसांची नोटीस द्या. माल जप्त केला तर त्याची यादी करा आणि सही करून एक प्रत विक्रेत्याला द्या. नाशवंत माल मागितला त्याच दिवशी परत करा, टिकाऊ माल कामकाजाच्या दोन दिवसांत. शहरात विक्री कुठे चालेल हे ठरवायला आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली नगर पथविक्रेता समिती असावी, तिच्यात ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत. मुळात रस्त्यावर धंदा करणं हा घटनेने दिलेल्या व्यवसायस्वातंत्र्याचा भाग आहे, रास्त निर्बंधांसह, असं सर्वोच्च न्यायालयाने सोदान सिंग खटल्यात १९८९ सालीच सांगितलं होतं. ते कायद्यात उतरायला अडीच दशकं लागली.

अडीच हा आकडा लक्षात ठेवा. सरकारचा त्याच्यावर जीव आहे. याच कायद्याप्रमाणे प्रभागाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं असतं. प्रभागात ४० हजार माणसं धरली तर झाले हजार विक्रेते. आमच्या प्रभागात फेरीवाला क्षेत्राचे निळे फलक दोनच. एक नाल्याच्या काठाला, दुसरा स्मशानभूमीच्या भिंतीलगत. दुसऱ्या जागी वर्दळ बऱ्यापैकी असते, पण आलेल्यांपैकी एक जण हमखास गिऱ्हाईक नसतो आणि उरलेल्यांना त्या दिवशी भजी चालत नाहीत.

दुसरं अडीच दिल्लीचं. १ एप्रिल २०२५ पासून 'सूक्ष्म उद्योग' कुणाला म्हणायचं? ज्याची यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटी रुपयांपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत, त्याला. मावशींची यंत्रसामग्री म्हणजे कढई, झारा, शेगडी, किसणी आणि कांदा चिरायला पुतण्या. त्याही सूक्ष्म, दहा कोटींवालेही सूक्ष्म. सूक्ष्मांच्या मेळाव्यात दोघांना एकाच रांगेत बसवतात. मागच्या मेळाव्यात मावशींच्या शेजारी बसलेल्या सूक्ष्म गृहस्थांचा ड्रायव्हर बाहेर मोटारीत एसी चालू ठेवून बसला होता. गृहस्थांनी मावशींना विचारलं, "तुमचं युनिट कुठे आहे?" मावशी म्हणाल्या, "आत्ता आहे, संध्याकाळचं सांगता येत नाही."

तर कार्यालय. बुद्धिबळातला घोडा अडीच घरं चालतो, दोन सरळ आणि मग बगलेला. मावशींचा अर्जही तसाच चालला. पहिल्या टेबलावरून सरळ दुसऱ्या, दुसऱ्यावरून एकदम बाजूला, जिथे कुणी बसत नाही तिथे. "साहेब साइटवर गेलेत," असं कळलं. साहेब ज्या साइटवर गेले होते तिथे त्या क्षणी आणखी कुणाची तरी कढई उतरत असणार, म्हणून आम्ही कामात व्यत्यय आणला नाही.

दीड तासाने साहेब आले. सज्जन माणूस. मी कायद्याचा कागद पुढे केला. त्यांनी तो आदराने वाचला आणि म्हणाले, "हे चांगलंय. याची एक झेरॉक्स आम्हालाही द्या."

मग जप्तीची यादी निघाली. लोखंडी हातगाडी, नग एक. शेगडी, नग एक. कढई, तेलासह, नग एक. कांदे, अंदाजे. पीठ.

"नाशवंत माल आजच्या आज मिळेल," साहेब म्हणाले, "पण पीठ नाशवंत की टिकाऊ?"

"भिजवलेलं होतं," मावशी म्हणाल्या.

"यादीत नुसतं पीठ लिहिलंय. कोरडं धरलं तर टिकाऊ. दोन दिवस."

"साहेब, सकाळी भिजवलंय. आंबलं असेल आता."

साहेब विचारात पडले. आंबलेलं पीठ हे नाशवंत गटात मोडतं की आधीच नाश पावल्यामुळे त्या गटातून बाहेर पडतं, यावर खालच्या आणि वरच्या टेबलांत मतभेद झाले. कायदा करणाऱ्यांनी भज्याच्या पिठाचा विचार केलेला नाही, ही त्यातली उणीव मला त्या दिवशी प्रथम जाणवली. शेवटी तोडगा निघाला. पीठ आजच घेऊन जा, पातेलं दोन दिवसांनी.

पातेल्याशिवाय पीठ कसं न्यायचं हा प्रश्न मावशींनी विचारला नाही. त्यांना घरी जायचं होतं.

विक्रेत्यांना डोक्यावर छप्पर देण्याची नगरपालिकांची हौस मात्र जुनी आहे. पुण्याची मंडई घ्या. भाजीवाले पूर्वी शनिवारवाड्यासमोर उघड्यावर बसत. त्यांच्यासाठी टोलेजंग इमारत बांधायचं ठरलं, तेव्हा नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला. एवढा पैसा शिक्षणाकडे वळवा, असं त्यांचं म्हणणं. इमारत अर्थातच झाली. १८८६ मध्ये उघडली आणि गव्हर्नरांच्या नावाने रे मार्केट म्हणून ओळखली जाऊ लागली. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिला नवं नाव मिळालं, महात्मा फुले मंडई. ज्यांनी नको म्हटलं त्यांचंच नाव दारावर. सभागृहात विरोध करणाऱ्या प्रत्येकाने ही शक्यता मनात ठेवून बोलावं.

ती मंडई निदान चालली, आजही चालते. आमच्या शहरातली मंडई चार वर्षांपूर्वी बांधून झाली. भाजीचे ओटे पहिल्या मजल्यावर. दहा रुपयांची कोथिंबीर घ्यायला जिना चढणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचं आहे. ओट्यांचा लिलाव झाला, अनामत एवढी की भाजीवाल्यांनी ओटे सोडून अनामतीकडेच बघितलं. आता वरच्या मजल्यावर कबुतरं असतात आणि भाजी मंडईबाहेर, रस्त्यावर. तळमजल्याला सावली चांगली असल्याने तिथे अतिक्रमण विभागाचे ट्रक लागतात, आणि मागच्या बाजूला जप्त मालाचं गोडाऊन आहे. म्हणजे विक्रेत्यांच्या गाड्या अखेर मंडईत पोचल्याच की. उद्दिष्टपूर्तीच्या अहवालात हे कसं मांडायचं, एवढंच बाकी आहे.

घरगुती उद्योगांनाही शहर विसरलेलं नाही. मावशींच्या सुनेला महिला व बालकल्याणच्या निधीतून शिलाई मशीन मिळालं. तिने दाराबाहेर 'ब्लाऊज शिवून मिळतील' अशी पाटी लावली. ती पाटी वाचून घरपट्टीवाले आले आणि ती खोली बिगरनिवासी दरात घातली. पाठोपाठ परवाना व आकाशचिन्ह विभागाचा माणूस आला. दीड फुटाची पाटी आकाशात मोडते हे सुनेला ठाऊक नव्हतं. तिने पाटी काढली. आता ब्लाऊज शिवते, पण कुजबुजत.

आणि हप्ते. मराठीत हा शब्द एकच आहे, पण मावशी दोन भरतात. बँकेचा हप्ता महिन्याचा, त्याला पावती मिळते. दुसरा आठवड्याचा, त्याला पावती नसते, आणि तो कुणाला जातो हे मावशी मला सांगत नाहीत, मीही विचारत नाही. गंमत अशी की बँकेचा हप्ता चुकला तर पुढचं कर्ज अडतं, दुसरा चुकला तर गाडीच जाते. दोन्हींपैकी एकच भरता येईल असा आठवडा आला, तेव्हा मावशींनी, 'आत्मनिर्भर' या फ्लेक्सला जागून, बँकेचा भरला. मंगळवारचा ट्रक त्याच आठवड्यातला. हा निव्वळ योगायोग आहे आणि मी तो योगायोग म्हणूनच इथे नोंदवतोय.

गाडी सोडवण्यासाठी भरायचा दंड मावशींनी सुनेकडून घेतला. सुनेने तो शिलाईच्या पैशांतून दिला. एका विभागाने दिलेल्या मशीनवर कमावलेला पैसा दुसऱ्या विभागात भरला गेला. पैसा शहरातल्या शहरात फिरता राहिला पाहिजे असं अर्थतज्ज्ञ म्हणतात, ते हेच असावं. पण गाडी काही लगेच मिळाली नाही. गुरुवारी गोडाऊनची किल्ली असलेले गृहस्थ निवडणूक कामाला, शुक्रवारी कसली तरी सुटी, शनिवार-रविवार कार्यालय बंद. कामकाजाचे दोन दिवस मोजायला कॅलेंडर पुरेना. सोमवारी गाडी दिसली, पण एक चाक नव्हतं. चाक यादीत वेगळं लिहिलेलं नसल्याने ते जप्तच झालं नव्हतं, असा खुलासा मिळाला. जे जप्त झालं नाही ते परत कसं देणार? नवं चाक आणेपर्यंत गाडी तिथेच ठेवायची असं ठरलं.

बुधवारी दुपारी मी मावशींकडे बसलो असताना त्यांचा फोन वाजला. महापालिकेतून होता, तिसऱ्या मजल्यावरून. योजनेत क्यूआर कोडवर पैसे घेतले की कॅशबॅक मिळतो, महिन्याला १०० रुपयांपर्यंत. त्याची चौकशी होती. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती, मावशींनी स्पीकर लावला म्हणून मलाही ऐकू आलं.

"मावशी, तुमचे डिजिटल व्यवहार आठवड्याभरात एकदम शून्यावर आलेत. तुम्ही आमच्या चांगल्या लाभार्थी आहात, फ्लेक्सवर फोटो आहे तुमचा. व्यवसायात काही अडचण आहे का?"

मावशींनी क्षणभर विचार केला.

"अडचण काही नाही, बाळा," त्या म्हणाल्या. "कोड गाडीलाच चिकटवलाय आणि गाडी तुमच्याच गोडाऊनमध्ये आहे. खाली जाऊन तुम्हीच दोन-चार प्लेटा मारा."