सोडायचीय? एसटी पकडा!

तालुक्याच्या कुठल्याही गावात उतरा आणि देशीचं दुकान विचारा. शाळकरी पोरगं हात करून दाखवेल. आता व्यसनमुक्ती केंद्र विचारा. समोरचा आधी तुमच्या डोळ्यांकडे बघेल, मग तोंडाच्या वासाचा अंदाज घेईल आणि म्हणेल, ‘‘जिल्ह्याला जावं लागंल.’’

जिल्हा किती लांब? साठ-सत्तर किलोमीटर. पहिली एसटी कितीला? ते विचारू नका.

पिणाऱ्याच्या ‘हो’ला मुदत असते, हे त्याच्या बायकोइतकं कुणालाच कळत नाही. रात्री राडा होतो. सकाळी तो रडतो, पोराच्या डोक्यावर हात ठेवतो, ‘‘कुठं न्यायचं तिथं ने’’ म्हणतो. हा ‘हो’ दुकानाचं शटर वर जाईपर्यंत टिकतो. देशीची दुकानं सकाळी लवकर उघडतात.

तेवढ्या वेळात ती बाई विचारणार कुणाला? जावेला नाही, गावभर होईल. गल्लीतल्या डॉक्टरला विचारते, तो सलाइन लावतो. मेडिकलवाल्याला विचारते, तो ‘लिव्हरचं टॉनिक’ देतो. मग पेपरातली छोटी जाहिरात दिसते: पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा, औषध घरपोच.

नकळत!

ज्या आजारात माणसाचं मन वळवणं हाच अर्धा इलाज, तिथे औषध आमटीत कालवायचं. पुडीत नुसता पाला निघाला तर नशीब समजा. डायसल्फिरम निघालं आणि वर त्यानं चपटी मारली, तर रक्तदाब कोसळून थेट आयसीयू. डॉक्टर हेच औषध देतात तेव्हा रुग्णाला आधी बजावून, त्याच्या संमतीनं देतात. आणि असल्या जाहिराती छापतं कोण? आमचेच भाईबंद. हा परिच्छेद तुम्ही वाचत असाल, तर संपादक रजेवर आहेत.

दुसरा घरगुती इलाज म्हणजे कोंडून ठेवणे. चार दिवस मिळाली नाही की आपोआप सुटेल! रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की हात थरथरतात, घाम फुटतो, पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत काहींना भास सुरू होतात. भिंतीवर साप चढतो, अंगावर किडे फिरतात, माणूस समोर नसलेल्याला शिव्या घालतो. वेळेत उपचार नाही मिळाला तर जिवावर बेततं. घरचे म्हणतात, बाहेरचं झालंय.

मांत्रिक मात्र गावातच मिळतो.

खरं तर दारू तोडण्याचे हे पहिले दिवस म्हणजे उपचारातला त्यातल्या त्यात सोपा टप्पा. ठरलेल्या गोळ्या हळूहळू कमी करत न्यायच्या, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं द्यायची, नर्सनं नाडी आणि बीपी बघत राहायचं. बहुतेकांना आठवडाभर पुरतो. ग्रामीण रुग्णालयात खाट आहे, सलाइनचा स्टँड आहे, डॉक्टरही आहे. मग अडतं कुठे? मनोविकारतज्ज्ञ सिव्हिलला, गोळ्या सिव्हिलला. इथे मिळतो तो केसपेपर.

कुणी माळ घालायला सांगतं. हसू नका. माळ घालून, वारी धरून पिणं सुटलेली माणसं बऱ्याच गावांत दाखवता येतील. सोबत, नेम आणि न पिणारे नवे मित्र, हेच तर अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसवाले १९३५ पासून फुकट देताहेत. पण फिट यायची ती माळ बघून थांबत नाही.

सगळं करून थकलं की खासगी केंद्राचा नंबर मिळतो. फोन केला की रात्री गाडी येते, चौघं जण माणसाला झोपेतून उचलतात. तीन महिन्यांचे पैसे आगाऊ. पहिला महिना भेट बंद. सगळी केंद्रं अशी नसतात, मान्य. पण ‘‘आमच्याकडे शिस्त फार कडक’’ असं कानावर आलं की लगेच विचारा: डॉक्टर कोणत्या वारी येतो? राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी बघू? आत कुणाला बांधून ठेवता का? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात साखळदंडाला साफ मनाई आहे. प्रश्न ऐकून समोरचा चिडला?

उत्तर मिळालं.

चांगली केंद्रं नाहीत असं कोण म्हणतं? अनिल अवचटांनी गर्दच्या नशेवर लिहिलं, पुलं-सुनीताबाईंनी देणगी दिली आणि १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचटांनी मुक्तांगण उभं केलं. साताऱ्यात दाभोलकरांचं परिवर्तन आहे. मुक्तांगणचा मुक्काम ३५ दिवसांचा. आता ऊसतोडीच्या मजुराला सांगा, ३५ दिवस पुण्यात राहा. मुकादमाची उचल तुम्ही फेडणार की मी?

आणि पिणारी बाई असेल तर? मुक्तांगणमध्ये स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ आहे. तालुक्यात बाई पितच नाही, असं सर्वांनी मिळून ठरवलंय.

अनिल अवचट २७ जानेवारी २०२२ ला गेले. त्याच दिवशी मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाइन विकायला मंजुरी दिली. श्रद्धांजली वाहायच्या तऱ्हा निरनिराळ्या असतात.

जून २०२५ मध्ये मद्यावरचं शुल्क वाढलं. वर्षाला १४ हजार कोटी जादा येतील, असा सरकारचा हिशेब. त्यातलं उपचाराला किती? विचारून बघा. बाटली उत्पादन शुल्काकडे, व्यसनमुक्तीचा प्रचार सामाजिक न्यायाकडे, खाट आरोग्य खात्याकडे. पिणारा तेवढा तिन्ही खात्यांचा.

केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकाला काही ना काही उपचार मिळतो. दाखल होऊन मिळतो तो १८० जणांमागे एकाला. उरलेल्यांना आपण मनोनिग्रह वाढवायला सांगतो.

हे झालं नुसतं दारूचं. मालेगावात ‘कुत्ता गोळी’, संभाजीनगरात ‘बटन’. दोन्ही मुळात झोपेच्या नाहीतर चिंतेच्या औषधांच्या गोळ्या, चिठ्ठीशिवाय हातोहात जाणाऱ्या. त्याही एकदम तोडल्या तर फिट येऊ शकते. पण ड्रग्ज म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मुंबईतला नटाचा मुलगा येतो, गल्लीतला पंक्चरवाल्याचा येत नाही.

हेल्पलाइन आहेत. व्यसनासाठी १४४४६, मनाच्या आजारांसाठी टेली-मानस १४४१६. जरूर लावा, पैसे पडत नाहीत. पलीकडचा माणूस शांतपणे ऐकून घेतो, हेही काही कमी नाही. जवळचं केंद्र विचारलंत तर पत्ता मिळेल. ‘जवळ’ म्हणजे काय, ते तुमचं तुम्ही ठरवा.

तालुक्याला उपचार नेणं जमतच नाही म्हणता? गडचिरोली बघा. १९९३ पासून दारूबंदी असलेला जिल्हा. तिथे २०१६ मध्ये सरकार, बंग दांपत्याची ‘सर्च’ आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून मुक्तिपथ सुरू केलं. तालुक्या-तालुक्यात ठरल्या वारी व्यसन उपचाराचा दवाखाना, गावात जाऊन शिबिरं. रस्ते कसे, जंगल किती, हे तिथे जाऊन आलेल्याला विचारा. तरी जमलं.

म्हणजे जिथे दारू कायद्यानं मिळत नाही तिथे तिचा इलाज तालुक्यात मिळतो. आणि जिथे परवाना, पाटी, महसूल सगळं रीतसर आहे, तिथले साहेब निवेदन घेतात, फोटो काढतात आणि म्हणतात, ‘‘लोकांची मागणी आली तर विचार करू.’’

मागणी? देशीच्या दुकानासाठी कुठल्या गावानं मोर्चा काढला होता?