इराणी चहा, बिर्याणीचं शीत आणि तुमच्या नातीचं संशोधन

लीड्स, १२ नोव्हेंबर

ती. आबांस,


इकडे सर्व क्षेम. थंडी आहे, पण थंडीबद्दल एक ओळ जास्त लिहिली की आई स्वेटर पाठवते, म्हणून तो विषय इथेच सोडते. तुमच्या नातीला पदवीच्या शेवटच्या वर्षाला मानसशास्त्रात ‘स्वतंत्र संशोधन’ करायचं आहे, हे कळल्यापासून हैदराबादेतल्या आपल्या काचीगुड्याहून शंका येत आहेत. वीस-एकवीस वर्षांची पोर कसलं संशोधन करणार, ही काकांची. माणूस ओळखायला आकडे कशाला लागतात, तोंडाकडे बघितलं की कळतं, ही आत्याची. आणि याला पगार किती, ही सगळ्यांची. फोनवर उत्तर देणं शक्य नाही, कारण फोनवर काका बोलतात. म्हणून पत्र.

पहिल्यांदा हे सांगते की ही हौस नाही, नियम आहे. ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची मान्यता असलेल्या पदवीत प्रत्येक विद्यार्थ्याला एक संशोधन प्रकल्प स्वतः करून उत्तीर्ण व्हावं लागतं, नाहीतर मानसशास्त्रज्ञ होण्याच्या वाटेवरचा पहिलाच दरवाजा उघडत नाही. ‘स्वतंत्र’ या शब्दाने मात्र बिचकू नका. विषयावर मार्गदर्शकाची सही लागते, प्रश्नावलीवर नैतिकता समितीची लागते, आणि ज्यांच्यावर प्रयोग करायचा त्यांची तर लागतेच. लग्नात नवऱ्या मुलाला जेवढं स्वातंत्र्य असतं तेवढंच हे. मग स्वतंत्र कशापासून? माझं म्हणणं असं आहे की हे स्वातंत्र्य स्वतःच्या मतापासूनचं आहे. आपल्याला जे खरं वाटतं ते खोटं असेल तर खोटं ठरू शकेल अशी व्यवस्था आपणच करायची आणि मग गप्प बसून निकाल बघायचा. आपल्या घरात हे कौशल्य फारसं कुणाकडे नाही, असं मी आदरपूर्वक नमूद करते.

उदाहरण तुमच्या रोजच्या चहाचंच घ्या. रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९३५ साली ‘द डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स’ या पुस्तकात एका बाईंचा दावा तपासायला घेतला. कपात आधी दूध ओतलं की आधी चहा, हे चवीवरून ओळखते, असं त्या म्हणत. इराणी हॉटेलात डिकॉक्शन वेगळं उकळतं, आटवलेलं दूध वेगळं असतं आणि दोन्ही कपात एकत्र येतात, त्यामुळे हा प्रयोग इंग्लंडपेक्षा हैदराबादेत जास्त शोभतो. समजा आत्या असाच दावा करते. आठ कप मांडायचे. चारांत दूध आधी, चारांत डिकॉक्शन आधी, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा आणि तिला फक्त एवढंच सांगायचं की दोन्ही प्रकारचे चार-चार आहेत. आठांतून चार कप निवडायचे ७० मार्ग आहेत. म्हणजे जिभेला काहीही कळत नसताना केवळ नशिबाने सगळे बरोबर येण्याची शक्यता ७० पैकी १. आता एक कप चुकला तर ‘चालतंय, तीन तर ओळखले’ असं काका म्हणणारच. पण निदान तीन बरोबर येण्याची शक्यता निव्वळ नशिबाने ७० पैकी १७ आहे, जवळजवळ चाराला एक! एका कपाच्या सवलतीत पुरावा कुठल्या कुठे वाहून जातो. म्हणून किती चुका माफ, हे चहा ओतायच्या आधी कागदावर लिहून ठेवायचं असतं. नंतर ठरवलं तर आत्या कायम जिंकते, आणि तिला ते ठाऊक आहे.

ही नुसती शिस्तीची हौस नव्हे. २०११ साली अमेरिकेतल्या सिमन्स, नेल्सन आणि सिमोन्सोन या तीन संशोधकांनी मुद्दाम एक निबंध छापला. बीटल्सचं ‘व्हेन आय एम सिक्स्टी-फोर’ हे गाणं ऐकवलेले विद्यार्थी दुसरी धून ऐकवलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा जवळजवळ दीड वर्षाने लहान आहेत, असा निष्कर्ष त्यात रीतसर आकडेमोडीने काढला होता. लहान ‘वाटले’ असं नव्हे, लहान होते! आकडे खोटे नव्हते. मोजलेल्या बऱ्याच गोष्टींपैकी सोयीच्या तेवढ्याच सांगितल्या होत्या आणि मनासारखं उत्तर येईपर्यंत माणसं वाढवत नेली होती. एवढ्या सवलती घेतल्या तर काहीही सिद्ध करता येतं, हेच त्यांना दाखवायचं होतं. चारच वर्षांनी, २०१५ साली, मानसशास्त्रातले १०० छापील अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांनी दखल घेण्याजोगा परिणाम सापडल्याचं म्हटलं होतं. दुसऱ्या खेपेला तो सापडला ३६ टक्क्यांत. तेव्हापासून ‘मी काय मोजणार आणि कसं मोजणार’ हे आधी नोंदवून टाकायची पद्धत जोर धरू लागली. थोरामोठ्या प्राध्यापकांना उतारवयात शिकावं लागलं ते पोरांना विशीत शिकवतात, यात मला तरी गैर दिसत नाही.

‘पण यातलं निम्मं तर सगळ्यांना माहीतच असतं,’ ही आत्याची हरकत वजनदार आहे. तिला पॉल लाझार्सफेल्ड यांनी १९४९ साली उत्तर दिलं आहे. अमेरिकन सैनिकांवरच्या एका मोठ्या अभ्यासाचं परीक्षण करताना त्यांनी आधी काही निष्कर्ष मांडले: शिकलेल्या सैनिकांना मनाचा त्रास जास्त झाला, दक्षिणेकडच्यांना उकाडा कमी बाधला, वगैरे. वाचणारा ‘यात नवीन काय?’ म्हणेपर्यंत ते थांबले आणि मग सांगितलं की अभ्यासात आढळलं ते यातल्या प्रत्येकाच्या उलट. उलट निष्कर्ष आधी दिले असते तर तेही सगळ्यांना आधीपासून माहीतच असते. आपण काय वेगळे? घाई केली आणि जमलं की ‘शुभस्य शीघ्रम्’, फसलं की ‘अति घाई संकटात नेई’. दोन्ही खिशांत एकेक म्हण ठेवणारा माणूस कधीच चुकत नाही, आणि म्हणूनच त्याला काही शिकताही येत नाही.

‘शितावरून भाताची परीक्षा’ मात्र मला मान्य आहे. साध्या भाताला ती लागू पडते, कारण पातेल्यातलं प्रत्येक शीत एकाच पाण्यात तेवढाच वेळ उकळलेलं असतं. बिर्याणीला लागू पडत नाही. वरच्या थराचा तांदूळ वेगळा शिजलेला, खाली मसाल्यातलं मटण, आणि दम नीट बसला की नाही हे वरच्या शितावरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. माणसं ही बिर्याणी आहेत. अनेक वर्षं मानसशास्त्राने परीक्षा केली ती वरच्या थराची. जगातली जेमतेम १२ टक्के माणसं राहतात अशा देशांतून प्रयोगांतले ९६ टक्के लोक आलेले, अशी मोजणी २०१० साली हेनरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे ठेवली. त्यातही बरेचसे मानसशास्त्राचेच विद्यार्थी, म्हणजे आचाऱ्यांनीच एकमेकांना वाढलेलं ताट.

हे कोडं आपल्या माणसांनी फार आधी ओळखलं होतं. पॅरिसमध्ये १९०५ साली आल्फ्रेड बिने यांनी केलेली बुद्धिमापन चाचणी अमेरिकेत बदलून वापरली जात होती. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडच्या बाजूला ती हजारावर मुलांना देऊन कानडी आणि मराठी मुलांसाठी नव्याने बसवली. १९४० साली त्यावर त्यांचं पुस्तकही आलं. नुसतं भाषांतर करून भागत नाही. एका गावात सात वर्षांच्या मुलाला येणारा प्रश्न दुसऱ्या गावात नऊ वर्षांच्याला अडतो, आणि दोष मुलाच्या डोक्याचा नसून प्रश्नाचा असतो. बिने-कामत चाचणी अजूनही आपल्याकडे वापरतात. कामतांचं हे कौतुक खरं, पण आपली लाजही त्यातच आहे. त्यांनी मुलं मोजली तेव्हा निजामाचं राज्य चालू होतं, आणि त्या मापाने आज मोबाइल घेऊन जन्मलेली पोरं मोजायची! मापं वेळोवेळी पुन्हा तपासायचं रटाळ काम कुणीतरी करायला हवं, आणि ते करणारी माणसं अशाच विद्यार्थी-प्रकल्पांतून तयार होतात.

हैदराबादला हे जास्त समजायला हवं. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली उर्दू माध्यमात उभं करताना आधी भाषांतराचं खातं काढावं लागलं होतं, कारण शब्द नसले तर शिकवणार कशात? आजही इंग्लंडातली एखादी प्रश्नावली ‘गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा उदास वाटलं?’ असं विचारते. आपल्या गल्लीत ‘परसों’ म्हणजे परवा, गेल्या दिवाळीत आणि निजामाच्या काळी, तिन्ही. त्या उत्तराला दोन आठवड्यांच्या रकान्यात कसं बसवायचं, हा पोरकट प्रश्न नाही. एका वर्षात, एका विद्यार्थ्याला, बिनपैशाने झेपेल असा तो उत्तम संशोधनाचा प्रश्न आहे. ‘तरुण पिढी आणि ताणतणाव’ हा काकांनी सुचवलेला विषय मात्र झेपणार नाही. तो भाषणाचा विषय आहे.

आता काकांचं एक कबूल करते. तीस-चाळीस मित्रमैत्रिणींना गोळा करून केलेल्या अभ्यासातून जगाला फारसं काही कळत नाही. एवढ्या थोड्या माणसांत लहानसा फरक असला तरी दिसत नाही, आणि दिसला तर तो नशिबाचा नाही याची खात्री नसते. म्हणून काही ठिकाणी अनेक विद्यार्थी मिळून एकच प्रयोग करतात आणि माहिती एकत्र करतात. मला ते जास्त पटतं, भले मग ‘स्वतंत्र’ शब्दाची पंचाईत होवो. पण ‘काहीच सापडलं नाही तर वर्ष वाया’ हे मला मान्य नाही. आधी सांगून, नीट मोजून काही सापडलं नाही, तर ती माहितीच आहे, आणि परीक्षक गुण पद्धतीला देतात, बातमीला नव्हे. वाया जातं ते वर्ष, ज्यात काहीच सापडलेलं नसताना पोरगी काहीतरी सापडवते.

पगाराचं म्हणाल तर, उलट आपणच फी भरतो.

आठ कपांचा प्रयोग घरी करायची लहर आली तर कप काकांना भरू देऊ नका. भरणाऱ्याला उत्तर माहीत असलं की ते चेहऱ्यावर येतं, आणि चेहरे वाचण्यात आत्याचा हात कुणी धरणार नाही हे तिनेच लिहून कळवलं आहे. शेजारच्या कुणाला तरी आत ओतायला बसवा, कप दुसऱ्याकडून बाहेर पाठवा आणि निकाल कसाही लागला तरी तसाच कळवा. आईला सा. नमस्कार. स्वेटर नको, गोंगूऱ्याचं लोणचं चालेल.

तुमची,
लेक

ता. क. आत्या सही न करता चहा प्यायला बसली तर प्रयोग बाद. नुसता चहा प्या.